पाण्याचा भंडारा

तेलगोटे मॅडम पाण्याला हात लावून बघायच्या. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा, उलटा हात. कूलरची टाकी असो, लग्नाच्या मांडवातला ड्रम असो, की मूर्तिजापूर स्टेशनवरचा नळ, आधी हात, मग निकाल, "याले ताप आहे." अकोल्यात मे महिन्यात हा निकाल चुकायची सोय नव्हती. आमच्याकडे त्या दिवसांत माणसं, म्हशी, मोटारी आणि पुढारी सगळेच तापलेले असतात. पाण्यानं एकट्यानं थंड राहावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. मॅडमही करत नव्हत्या. ज्याचं पाणी असेल त्याला त्या एवढंच सांगायच्या, "प्या, आंघोळ करा, म्हशी धुवा. नाकात घालू नका."

ऐकणारा गोंधळायचा. नाकात पाणी घालतं कोण? पण घालतात, आणि पुढे झालं ते सगळं त्यातूनच झालं.

मी अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ग्रंथपाल होतो. वाचक बेताचेच, त्यामुळे संस्थेच्या निमंत्रणपत्रिका, मानपत्रं आणि अध्यक्षांची भाषणं लिहायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब. त्यांनी आयुष्यात कशाचं उद्घाटन केलं नाही हे सांगणं सोपं आहे : पावसाळ्याचं. डॉ. विमल तेलगोटे तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. आम्ही दोघंही राहायला अमरावतीत. बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि अकोल्याला अपडाऊन करायचं, असं आमचं बरंचसं आयुष्य रुळांवर गेलं. डब्यातली नेहमीची मंडळी त्यांना खिडकीची जागा सोडत. हा आदर होता की कान वाचवायची युक्ती, ते मला कधी कळलं नाही. कारण मॅडमचा आवाज गाडीच्या भोंग्याला उत्तर देणारा होता. घरी नवरा गणिताचा प्राध्यापक. बोलायचं काम त्यांनी लग्नाच्या दिवशीच बायकोकडे सोपवलं असावं.

त्यांचे वडील बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. गावाबाहेरच्या विहिरीत मुलं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकत, आणि मुलींनी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळावेत असा रिवाज होता. विमलनं एक दिवस सांभाळायला दिलेले कपडे विहिरीत टाकले आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. तेव्हापासून पाणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. साठीला आल्या तरी अमरावतीच्या तलावावर बायकांच्या वेळेत जायच्या आणि उंचावरून धाडकन उडी मारायच्या. फक्त उडी मारताना डाव्या हातानं नाक घट्ट दाबलेलं. ती वडिलांची शिकवण. का दाबायचं ते वडिलांना माहीत नव्हतं; लेकीनं पुढे मेडिकलला जाऊन शोधून काढलं.

बोलणं शुद्ध वऱ्हाडी. इंग्रजी उत्तम यायचं, छापील मराठीही यायची, पण दोन्ही कपाटात ठेवलेल्या साड्यांसारख्या. एकदा पुण्याहून तपासणी समिती आली होती. मॅडम घडाघडा सांगत होत्या, "हे इथी ठेवतो आमी, अन् तिथून वर पाठवतो." समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, हे जरा नीट मराठीत सांगाल का?"

"कावून? समजलं नाही का तुमाले?"

"समजलं, पण..."

"मंग झालं तर. लिहा."

त्यांनी लिहिलं.

प्रयोगशाळेत त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर एसीवरून असायची. मेंदूज्वराचा संशय असलेल्या रोग्याच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, की मॅडम एसी बंद करायला लावायच्या. मे महिन्यात, अकोल्यात. बाहेर डांबर वितळतंय आणि आत तंत्रज्ञ घामानं निथळत उभे. त्या स्वतः वॉर्डात जाऊन ती नळी घेऊन यायच्या. ट्रेमध्ये नाही, बर्फात तर नाहीच, मुठीत. जिन्यावरून मूठ छातीशी धरून धावत येणारी ही उंच, सावळी बाई पाहिली की नवीन माणसाला वाटायचं, हिला काहीतरी सापडलंय आणि ते उडून जाईल अशी भीती आहे.

तसंच होतं ते. उबेला असलेला अमीबा, म्हणजे मेंदूत शिरणारा तो एकपेशी जीव, काचेखाली हलतो. गारठला की गोळा होऊन पडतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो. मग कोणीही त्याला ओळखत नाही आणि कागदावर भलतंच नाव लागतं. "हलून राहिला तरच चोर सापडते," मॅडम म्हणायच्या.

या चोराविषयी त्यांना राग नव्हता, हे ऐकून पुष्कळांना चमत्कारिक वाटायचं. एकदा गाडीत मी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं समजावलं. "अहो लायब्ररी, तो कोणाच्या जिवावर जगत नाही. चिखलात राहते, कोमट पाण्यात राहते, बारीक जंतू खाते, आपलं आपण कमावते. त्याले माणूस लागतच नाही. स्वाभिमानी जीव आहे. दुसऱ्याच्या अंगावर जगणारे पाहाचे असतील तर आपल्या संस्थेत चला." डबा हसला. "पोटात गेला तर जिरून जाते. पण नाकातून वर चढला की वासाच्या नसेच्या वाटेनं थेट मेंदूत. तिथी त्याले काही कळत नाही. चुकीच्या घरात शिरलेला माणूस जे सापडन ते खाते, तसं."

"असं किती वेळा होतं?" कोणीतरी भीत भीत विचारलं.

"लय कमी. अंगावर वीज पडते तितकं कमी. म्हून काय आपण विजांत झाडाखाली उभं राहतो का?"

त्याचा एक भाऊबंद डोळ्यात शिरतो. काँटॅक्ट लेन्स लावणारी एक शिकाऊ डॉक्टर बेसिनच्या नळाखाली लेन्स धुताना मॅडमना दिसली. मॅडमनी त्या नळाचं पाणी घेतलं, त्यातले जीव काही दिवस वाढवले आणि पोरीला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "पाहा. ओळख करून घे. तुह्या बुबुळावर राहाले येऊन राहिला तो, भाडं न देता." पोरगी त्या दिवसापासून चष्मा लावते.

इथवर मॅडम म्हणजे हॉस्पिटलातली एक गंमत होती. सगळ्या हॉस्पिटलांत अशी एक गंमत असते. मग एका मे महिन्यात पातूरहून शुभांगीबाईंना आणलं.

पातूरच्या शाळेत शिकवणारी, तिशीतली बाई. आधी डोकं दुखलं, मग घरात नसलेले वास यायला लागले, मग ताप, मान ताठ, आणि अकोल्याला पोचेपर्यंत शुद्ध जायला लागलेली. सोबत आई, अंजनाबाई. आमच्याकडे नुकतेच पुण्याहून मेंदूचे डॉक्टर आले होते. हुशार माणूस, फक्त वऱ्हाडात आपल्याला नवीन काही दिसेल ही शक्यता त्यांनी हिशेबात धरली नव्हती. नेहमीचा जिवाणूंचा मेंदूज्वर समजून त्यांनी औषध सुरू केलं. पाठीतलं पाणी मॅडमच्या मुठीतून आलं. एसी बंद झाला. थोड्या वेळानं मॅडमनी त्यांना खाली बोलावलं.

मी तिथे कशाला होतो म्हणाल, तर भाऊसाहेबांच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर सर्व विभागप्रमुखांच्या सह्या हव्या होत्या.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं. "पांढऱ्या पेशी आहेत, मॅडम. थोड्या हलतात कधीकधी."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

"मला वर रोगी आहेत."

"हीच रोगी आहे. बसा."

त्यांनी त्याच पाण्याचा थेंब शुद्ध पाण्यात सोडून गरम पेटीत ठेवला होता. हा जीव अशा पाण्यात पडला की काही वेळानं त्याला शेपट्या फुटतात आणि तो पोहायला लागतो. डॉक्टर घाम पुसत, घड्याळ बघत बसले. मॅडमनी चहा मागवला. चहा संपून कप वाळल्यावर त्यांनी दुसरी काच लावली आणि बाजूला सरकल्या. डॉक्टर वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

"काय करून राहिला?" मॅडमनी विचारलं.

"पोहतोय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पांढऱ्या पेशीले पोहता येत नाही, डॉक्टर."

यापुढची गोष्ट वाचकाला हवी तशी नाही. औषध लगेच बदललं, जे मिळत होतं ते नागपूरहून मागवलं, पण या आजारातून माणूस परत येणं जवळपास होतच नाही. शुभांगीबाई गेल्या. पुण्याच्या डॉक्टरांबद्दल एक सांगायला हवं : त्या दिवसानंतर ते मॅडमच्या बाजूनं उभे राहिले, आणि एसीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

मॅडम दुसऱ्याच दिवशी पातूरला गेल्या. मलाही नेलं, कारण बाटल्या धरायला कोणीतरी हवं होतं. शुभांगीबाई पोहत नव्हत्या, नदीवर गेल्या नव्हत्या. मग पाणी नाकात गेलं कुठून? मॅडमनी घराच्या गच्चीवर चढून काळ्या टाकीचं झाकण काढलं आणि हात लावला.  खाली मोरीत कोनाड्यात एक प्लॅस्टिकचं तोटीचं भांडं होतं. एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं, ती जलनेती करायचं भांडं. त्यावर भाऊसाहेबांचा हसरा फोटो. आदल्या वर्षीच्या योग दिनाला आमच्या ट्रस्टच्या मैदानावर झालेल्या शिबिरात ते प्रत्येकाला वाटलं होतं.

"पोरगी लय नेमाची होती," अंजनाबाई म्हणाल्या. "तिथी शिकून आली, त्या दिवसापासून एक सकाळ चुकवली नाही. मीठ टाकायची, कोमट पाणी घ्यायची. सांगतलं तसंच केलं तिनं."

"कोमट कसं करायची?"

"कराचं काय त्यात? नळ सोडला की कोमटच येते."

मॅडम मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. मला तेव्हा कळलं नाही, त्यांना कळलं. 'कोमट पाण्यात चिमूटभर मीठ' ही सूचना कुठल्यातरी थंड गावच्या माणसाची. त्याच्याकडे पाणी कोमट करायचं तर चूल पेटवावी लागते, उकळी येते, मग ते निवतं. आमच्याकडे नळ कधी येईल हे पंचांगातसुद्धा नसतं. म्हणून पाणी टाकीत साठवायचं, ते उन्हात दिवसचे दिवस शिजत बसतं आणि तोटीतून आपसूक कोमट येतं. अख्ख्या वऱ्हाडात ही सूचना ऐकून कोणी चूल पेटवणार नाही. आणि कोमट पाण्यासारखं सुख त्या जिवाला दुसरं नाही.

"नेमानं केल्यानं माणूस मरते का हो, बाई?" अंजनाबाईंनी विचारलं. "पोरीचं काय चुकलं?"

"तिचं काई नाही चुकलं."

"मंग कोणाचं?"

मॅडमनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि नळाखाली धरली. 

यंदाचं शिबिर महिन्यावर आलं होतं. मुंबईहून मंत्री येणार होते, भाऊसाहेबांना तिकिटाची आशा होती आणि भांड्यावरचा फोटो या वर्षी रंगीत होणार होता. मॅडम त्यांच्या दालनात गेल्या. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा घेऊन मी आधीच तिथे उभा होतो. भाऊसाहेब व्यासपीठावर संस्कृतप्रचुर बोलतात. दालनात मात्र आपल्यासारखेच.

"मॅडम, तुमी त्या केसमध्ये अमीबा लिहिलं म्हणे."

"होता म्हून लिहिलं."

"मेंदूज्वर लिहाले काय हरकत होती? खोटं नाही ते."

"आग लागून मेला त्याचं कारण 'गरमी' लिहिता का तुमी?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मसुद्यातल्या ऱ्हस्वदीर्घाकडे बघितलं.

"अहो, एका केससाठी शिबिर बदलू का? लोक घाबरतीन. मंत्र्यायसमोर शोभा होईन."

"नेती ठेवा नाहीतर काढा. ठेवली तर पाणी उकळून द्या. अन् मंचावरून सांगा कावून."

"एवढ्या लोकायले पाणी कोण उकळून देते? टँकर सांगतला आहे. स्वच्छ पाणी आहे, प्यायचं." मग आवाज मऊ झाला. "तुमची निवृत्ती आली ना? मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

"मुदत संपलेल्या औषधाले मी वाढ देत नाही, भाऊसाहेब. मंग मी कावून घेऊ? पाणी मी उकळते."

भाऊसाहेब हसले. बाई बोलते, करणार काय?

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रस्टच्या मैदानाच्या कडेला एक ट्रक येऊन थांबला. त्यातून लग्नाच्या पंगतीचे मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, उतरले, झारे-ओगराळी उतरली, लाकडं उतरली, आणि शेवटी मॅडमच्या गावचा आचारी किसनभाऊ उतरला. दगडांच्या चुली मांडल्या. जाळ झाला. आमच्या भागात धूर, गंज आणि आचारी एकत्र दिसले की त्याचा एकच अर्थ होतो : गावजेवण. चौकीदारानं टोपी काढून नमस्कार केला. वसाहतीतल्या बायका विचारायला आल्या, "कशाचा भंडारा आहे, मॅडम? आम्ही वांगे चिरू लागतो."

"पाण्याचा," मॅडम म्हणाल्या.

बायका हसल्या आणि विळ्या आणायला गेल्या.

किसनभाऊची मात्र पंचाईत झाली होती. आयुष्यात त्यानं नुसतं पाणी कधी रांधलं नव्हतं. "विमलताई, माहं नाव आहे पंचक्रोशीत. लोक म्हणतीन किसननं पाणी शिजवलं. एखादा बटाटा तरी टाकू दे."

"नाही."

"सांभाराच्या दोन हिरव्या काड्या?"

"किसन, मीठसुद्धा उद्या. आज फक्त उकळ. चांगली खळखळ उकळी येऊ दे, मंग लगेच उतरवू नको."

अंजनाबाई पातूरहून आल्या होत्या. त्यांना कोणी ओळखत नव्हतं. लुगड्याचा पदर खोचून चुलीपुढे बसल्या होत्या आणि लाकडं सारत होत्या. मॅडम त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"उद्या बोलाची वेळ आली तर नाव घेऊ का पोरीचं?"

अंजनाबाईंनी लाकूड आत सारलं. "घेजा. नावच तर राहिलं."

तेवढ्यात मंडपाची पाहणी करत भाऊसाहेब आले. धूर आणि गंज दिसताच सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. मग मॅडम दिसल्या आणि ते हात कुठे ठेवावेत त्यांना कळेना.

"हे काय लावलं?"

"भंडारा."

"पाण्याचा भंडारा राहते का कुठी? बंद करा हे, आत्ता."

किसनभाऊ झारा घेऊन उभा राहिला. दुपारपासून त्याचा अपमान झालेला होता, पण हे निराळं होतं. "साहेब, पेटवलेला भंडारा विझवत नाहीत. माह्या हातानं तर होणार नाही. तुमच्या हातानं होत असन तर घ्या, ही बादली."

आजूबाजूला वसाहत जमली होती. विळ्या घेतलेल्या बायका, वाट्या घेतलेली पोरं. वऱ्हाडात रस्ता अडवून मंडप टाकलेला चालतो, लाउडस्पीकर लावून पाहुण्यांची झोप मोडलेली चालते; पण भंडाऱ्यावर पाणी ओतणारा माणूस पुढच्या निवडणुकीत उभा राहत नाही. भाऊसाहेबांनी बादलीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. "काळजी घ्या आगीची," असं अध्यक्षीय वाक्य टाकून ते निघून गेले. गंज झाकून, स्वच्छ धडप्यांनी तोंडं बांधून ठेवले. सकाळपर्यंत पाणी निवलं, म्हणजे अकोल्यात निवतं तितकं.

सकाळी मैदान पांढऱ्या सदऱ्यांनी भरलं. टँकर येऊन उभा होता. मॅडमनी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, टँकरच्या तोटीला पाठ लावून ठेवली आणि बसल्या. स्वयंसेवक आले, विनवण्या झाल्या. "मॅडम, उठा ना, पाणी भराचं आहे."

"गंजातलं घ्या. इथलं घ्यायचं तर मले उचला."

कोणी उचललं नाही. मॅडम उंच होत्या, हेही एक कारण असेल. तरी मंचावरची दोन-चार भांडी टँकर येताच भरून ठेवलेली होती.

आसनं झाली. मी लिहिलेलं, पाणी आणि संस्कृती यांवरचं भाषण भाऊसाहेबांनी वाचलं. सूत्रसंचालक म्हणाला, "आता जलनेती. सर्वांनी कोमट पाणी..." मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या जागी पुण्याचे मेंदूचे डॉक्टर येऊन बसले. ते ठरलेलं असावं. मॅडम मंचावर गेल्या, ध्वनिक्षेपक घेतला. त्यांना तो लागत नव्हता.

"रामराम, जयभीम, नमस्कार. कोमट कोणतं, ते सांगते. चुलीवर उकळून मंग निवलं, ते कोमट. उन्हात टाकीत तापलं, ते कोमट नाही, त्याले ताप आहे. त्यात अमीबा नावाचा जीव राहू शकते. पिल्यानं काई होत नाही. नाकात घातलं तर कधीमधी, लय कधीमधी, मेंदूत जाते, अन् गेला तर माणूस वाचत नाही. पातूरच्या शाळेतल्या शुभांगीबाई मागच्या वर्षी याच मैदानात नेती शिकल्या. रोज नेमानं केली. गेल्या महिन्यात वारल्या. त्यायचं काई चुकलं नाही. सांगणाऱ्याचं चुकलं. सांगणारे आपण. घरी करान तर पाणी उकळा, नाहीतर करू नका. आज गंजातलं घ्या."

बाकी काही नाही. ध्वनिक्षेपक परत दिला आणि खाली उतरल्या. गंजांजवळ अंजनाबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. मान वर करून त्या मैदानाकडे बघत होत्या.

 विज्ञानाचा विजय झाला असं मी लिहिलं असतं, मानपत्र असतं तर. प्रत्यक्षात जे झालं ते असं : मंचावर पहिल्या ओळीत बसलेल्या मंत्र्यांच्या हातात रंगीत फोटोचं भांडं होतं, काठोकाठ भरलेलं. त्यांनी भाऊसाहेबांकडे झुकून विचारलं, "हे कुठलं पाणी?" ध्वनिक्षेपक चालू राहिला होता, त्यामुळे प्रश्न सगळ्यांनी ऐकला. भाऊसाहेबांनी टँकरकडे बघितलं. मंत्र्यांनी भांडं गालिच्यावर रिकामं केलं. "मला त्या बाईंकडचं आणा."

पुढच्या क्षणी गंजांपुढे रांग लागली. अशी रांग किसनभाऊनं बुंदीलाही पाहिली नव्हती. ओगराळ्यानं पाणी वाढताना त्याचा चेहरा खुलला. "आरामात घ्या, गरम आहे, भरपूर आहे," तो सवयीनं ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : भाऊसाहेबांच्या दूरदृष्टीतून उकळलेल्या पाण्याचा अभिनव उपक्रम. फोटोत ओगराळं भाऊसाहेबांच्या हातात. मॅडमनी गाडीत ती बातमी वाचली, मूर्तिजापूरला पेपर घडी करून मला दिला. "छापून आलं ना, उकळा म्हून? मंग कोणाच्याबी तोंडून येऊ दे."

मुदतवाढ मिळाली नाही. निरोपसमारंभ मात्र मिळाला : शाल, श्रीफळ आणि माझ्या हातचं मानपत्र. ते भाऊसाहेबांच्या कार्यालयातून तपासून आलं होतं. मॅडमनी तिथेच उभं राहून वाचलं. "ज्ञानसूर्य, सेवाव्रती, मातृहृदयी. अहो लायब्ररी, अन् तो कुठी आहे?"

"कोण?"

"अमीबा. माह्यापेक्षा त्याचं काम मोठं."

पुढच्या वर्षी शिबिराच्या पत्रिकेत नेती होती, गंज नव्हते. मॅडम नाहीत म्हटल्यावर दूरदृष्टी राहिली नव्हती. मी तेव्हा नोकरीतच होतो. पत्रिका मीच छापून घेतली, आणि एक प्रत अमरावतीला पोचती केली. मॅडमनी ती वाचली, आणि पातूरला फोन लावला.

आदल्या दिवशी दुपारी मी कामावरून निघालो तेव्हा ट्रस्टच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली चुली पेटलेल्या होत्या. जागा महानगरपालिकेची, धूर सगळ्यांचा. किसनभाऊ झारा खांद्यावर टाकून उभा होता. अंजनाबाई लाकडं सारत होत्या. मॅडम दगडावर बसल्या होत्या, चेहरा धुरानं काळवंडलेला, केस पांढरे झालेले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत होत्या. कोणी विचारायचं, "भाजी कोणती?" आणि त्यांचा आवाज कौलखेडपर्यंत जायचा. चौकीदाराला त्यांना हाकलायला पाठवलं होतं. तो बाटली भरून घेण्यासाठी थांबलेला दिसला.

फाटकातून भाऊसाहेबांची पांढरी गाडी बाहेर आली. थांबली. काचा बंदच राहिल्या. ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या हातात एक तोटीचं भांडं होतं. प्लॅस्टिकचं नाही, तांब्याचं, घरचं. तो इकडेतिकडे बघत मॅडमपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्याच्यासाठी. साहेबायचं आहे."

मॅडमनी भांडं घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. मग गंजाकडे वळून पाहिलं. तळाशी बारीक बुडबुडे धरत होते.

"साहेबाले म्हणा, थांबा," त्या म्हणाल्या. "उकळी यायची आहे."

ड्रायव्हर गाडीशी गेला, काच बोटभर खाली आली, पुन्हा वर गेली. गाडी तिथेच उभी राहिली, भर रस्त्यात, भर उन्हात. अंजनाबाईंनी आणखी एक लाकूड आत सारलं. घाई न करता.